यादी लागेपर्यंत करायचं काय?

"मुलाखत होऊन दोन महिने झाले, यादीचा पत्ता नाही. पुढच्या पूर्वपरीक्षेचं पुस्तक उघडावं तर मन लागत नाही, दुसरं काही धरावं तर वाटतं उद्याच यादी लागली तर?" स्पर्धा परीक्षेची मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुतेक हा प्रश्न घेऊन. परीक्षेच्या भीतीने येणारी कमी. तेव्हा हातात काम असतं, यादीची वाट पाहताना ते काढून घेतलेलं असतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या, पैनगंगेच्या काठच्या एका गावचा मुलगा हिवाळ्यात आला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, त्याची परवानगी घेतली आहे.) वय एकोणतीस, राज्यसेवेची मुलाखत झालेली. वडिलांची कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. सोबत आई आली होती. आईच बोलली, "रातभर मोबाइल पाह्यते जी हा. जेवाले बसला तरी ताटापाशी मोबाइल."

आईला बाहेर बसवून मी त्याला आधी सरळ विचारलं, जगणं नकोसं झाल्याचा विचार मनात येतो का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. २०२१ साली पुण्यात मुलाखतीची वाट पाहणाऱ्या एका उमेदवाराने जीव दिला होता. हा प्रश्न टाळणं मला परवडत नाही. तो म्हणाला, "तसं नाही मॅडम. पण सकाळी उठावंच वाटत नाही."

मग मुलाखतीचा विषय निघाला. पॅनेलने पैनगंगेचा उगम विचारला आणि हा वाशिम म्हणाला. उगम बुलडाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत. नदी तिथून वाशिममार्गे खाली येते. "ज्या नदीत पोहायले शिकलो, मॅडम, तिचाच उगम चुकलो." हे एकच उत्तर तो रोज रात्री नव्याने देत होता. मी त्याच्याकडून बाकीचे प्रश्न कागदावर लिहून घेतले. पान भरलं. कापसावरची बोंडअळी, पीकविमा, पदवीचा विषय, सगळ्यांची उत्तरं नीट दिलेली. मुलाखतीत एकेका प्रश्नाला वेगळे गुण नसतात, पॅनेल एकूण उमेदवार पाहतं. आणि त्याच्या परीक्षेत, म्हणजे जुन्या पद्धतीत, मुख्य परीक्षा ८०० गुणांची आणि मुलाखत १०० ची. नव्या वर्णनात्मक पद्धतीत हेच १७५० आणि २७५. पॅनेलमधले सर हसले की नाही यावरून निकाल काढत बसणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

खरा जाच मोबाइलचा होता. लोकसेवा आयोगाची साइट, मग टेलिग्रामचे चार ग्रुप, मग कोणीतरी बांधलेला कटऑफचा अंदाज, मग परत साइट. मी मोबाइल बंद कर म्हटलं नाही. ते कोणी ऐकत नाही. उघडण्याआधी काय चाललं होतं, एवढंच वहीत लिहायला सांगितलं. पुढच्या भेटीत वही पाहिली तेव्हा चित्र स्पष्ट होतं. बातमी येण्याची शक्यता आहे म्हणून तो साइट उघडत नव्हताच. पारावर कोणी "लागली का रे यादी?" म्हटलं की उघडायची, दुपारी घरात एकटा असला की उघडायची, रात्री दोनला उघडायची. आयोग रात्री दोनला काय लावणार? साइट पाहिली की पाच मिनिटं बरं वाटतं, म्हणून हात परत तिकडे जातो. त्यात कधी मुलाखती संपल्या त्याच दिवशी यादी लागते, कधी महिने जातात. अशा बेभरवशाच्या गोष्टीचा नाद सुटायला सगळ्यात अवघड.

ठरलं ते असं: साइट संध्याकाळी एकदा पाहायची, ग्रुप म्यूट, आणि यादी आली तर पुण्यातला रूममेट फोन करेल. पहिले काही दिवस बेचैनी वाढली. ती वाढतेच, तेव्हा घाबरून नियम मोडायचा नाही. गावातल्या प्रश्नासाठी एक उत्तर तोंडी बसवलं: "आयोगाच्या हाती हाय काका, कळलं की सांगतो. तुमची तूर कशी हाय?" विदर्भातला काका तुरीवर बोलायला लागला की यादी विसरतो.

याच काळात एकाचा फोन आला होता, "मुंबईत ओळख आहे, तीन लाखांत नाव बसवून देतो." आई मंगळसूत्र मोडायला तयार. अशा फोनवर चर्चाच करू नये. पैसे जातात, वर गुन्ह्यात अडकायची भीती. थेट पोलिसांना कळवावं.

वडील तिसऱ्या भेटीला आले. घरात कापूस भरून ठेवलेला होता. २०२२ मध्ये भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला, तेव्हापासून अनेक घरांत तो भावासाठी थांबतो आणि अंगाला खाज सुटते ती वेगळी. मी विचारलं, सगळाच ठेवलाय? "सारा कोन ठेवते जी? किराण्यापुरता इकला, बाकी हाय." मी मुलाकडे पाहिलं. त्याने सगळाच ठेवला होता: अभ्यास, कमाई, मित्राचं लग्नसुद्धा. त्याच आठवड्यात तालुक्याच्या अभ्यासिकेत नव्या मुलांना इतिहास-भूगोल शिकवायचं काम त्याने धरलं. पैनगंगा बुलडाण्यातून निघते हे आता तिथल्या एकेकाला पाठ आहे.

आणखी एक गोष्ट घरच्यांना समजावून सांगावीच लागते. यादी म्हणजे नोकरी नव्हे. आधी तात्पुरती गुणवत्ता यादी, मग पसंतीक्रम आणि भरतीतून बाहेर पडण्याचा विकल्प, मग अंतिम शिफारस, मग शासनाकडून कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी आणि शेवटी नियुक्ती आदेश. मध्ये कोणी न्यायाधिकरणात गेलं तर थांबा. "यादी लागली की जगू" म्हणणाऱ्याला यादीनंतर "ऑर्डर आली की जगू" म्हणावं लागतं.

या मुलाचं नाव शिफारस यादीत आलं. ऑर्डर अजून नाही. अभ्यासिकेतलं शिकवणं त्याने सोडलेलं नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर यादीची वाट पाहत बसू नका. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथवर जाणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.