एकच माइक मुका झाला, तर

प्रश्न : आमचे भजनी मंडळ दर गुरुवारी ठाण्यात नौपाड्यात बसते. गेल्या वेळी पेटीजवळच्या कंडेन्सर माइकमधून आवाजच आला नाही, गायकांचे माइक मात्र व्यवस्थित चालू होते. दुरुस्ती करणारे म्हणतात, मिक्सर उघडावा लागेल. उघडू द्यावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : इतक्यात नको. बाकीचे माइक त्याच मिक्सरवरून ऐकू येत आहेत, त्याअर्थी अॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठीक आहेत. दोष त्या एका माइकपासून त्याच्या चॅनेलपर्यंतच्या, म्हणजे मिक्सरवरच्या त्याच्या स्वतंत्र जागेपर्यंतच्या, वाटेवरच शोधायला हवा. कंडेन्सर माइकला बहुधा केबलमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि गायकांच्या डायनॅमिक माइकला तो लागत नाही, त्यामुळे मिक्सरवरचे ‘४८ व्होल्ट’ लिहिलेले बटण बंद राहिले, तर नेमके तुम्ही लिहिले आहे तसेच घडते. सामान पुसताना-हलवताना हे बटण नकळत दाबले जाते. शेजारचा दिवा लागला आहे का, ते पाहा. बटण चालू करण्यापूर्वी फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली घ्या, नाहीतर स्पीकरमधून मोठा धक्का बसल्यासारखा आवाज येतो.

दिवा लागलेला असेल, तर म्यूट (आवाज बंद करणारे बटण) आणि गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारे बटण) तपासा. मग गायकाच्या माइकची केबल पेटीच्या माइकला लावा. केबल गुंडाळताना प्लगजवळ वाकते आणि वरचे आवरण शाबूत असूनही आतली तार तिथेच तुटते, म्हणून नुसत्या नजरेवर मी कधीच विसंबत नाही. तोच माइक त्याच केबलने दुसऱ्या चॅनेलवर वाजला आणि मूळ चॅनेलवर मुकाच राहिला, तर मात्र मिक्सर अवश्य उघडू द्या.