गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि ते ५६ दिवस

प्रश्न: आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग झालाय. डॉक्टर ‘तिसरा टप्पा’ म्हणतात. इंटरनेटवरचे आकडे वाचून हातपायच गळाले. किती आशा धरावी?

आधी विचारा, तिसऱ्यातला कोणता? हा टप्पा म्हणजे मोठं गाठोडं आहे. गाठ योनिमार्गाच्या खालच्या भागात उतरली तर तिसरा, ओटीपोटाच्या भिंतीला भिडली तर तिसरा, मूत्रवाहिनी दाबली जाऊन मूत्रपिंड फुगलं तरी तिसरा. २०१८ मध्ये वर्गीकरण बदललं. तेव्हापासून गाठ बोटाच्या पेराएवढी असली, पण रोग ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये पोचला असला, तरी तिसराच. या सगळ्याजणींना एकच आकडा कसा लागू पडेल?

तरी आकडे हवेतच तर सांगते. अमेरिकेतल्या नोंदींनुसार रोग गर्भाशयापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनी सुमारे ९० टक्के स्त्रिया हयात असतात. आसपास किंवा जवळच्या लसिकाग्रंथींत पसरल्यावर सुमारे ६० टक्के, फुप्फुस-यकृतापर्यंत गेल्यावर २० टक्क्यांच्या आसपास. आणि हे आकडे काही वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्या बायकांचे आहेत.

मला स्वतःला आईच्या अहवालात आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कसं काम करतायत ते सांगणारा रक्तातला आकडा बघायला आवडेल. ते फार वाढलेलं असेल तर सिस्प्लॅटिन हे केमोचं नेहमीचं औषध देता येत नाही. बऱ्याचदा मूत्रवाहिनीत स्टेंट, म्हणजे बारीक नळी घालून लघवीची वाट मोकळी केली की ते देता येतं.

प्रश्न: बहिणीचं रेडिएशन अर्ध्यावर आलंय. रक्तस्राव थांबला, बरं वाटतंय. घरात लग्न आहे. दहा दिवस सुट्टी घेऊन नंतर ‘आतलं रेडिएशन’ घेतलं तर चालेल का?

नाही. लग्नाला जरूर जाऊ द्या, पण ज्या दिवशी विभाग बंद असतो त्या दिवशी.

बाहेरचं रेडिएशन, सोबत दर आठवड्याची केमो आणि आतलं रेडिएशन, म्हणजे ब्रॅकीथेरपी, हे सगळं आठ आठवड्यांत, ५६ दिवसांत पुरं व्हायला हवं. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी गाठीतल्या वाचलेल्या पेशी जास्त वेगाने वाढू लागतात. सुट्टी घेतली की त्यांना मोकळं रान मिळतं. मुदत उलटल्यावर दर दिवसामागे ओटीपोटातला रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण अर्धा ते एक टक्क्याने घटते. तुमच्या दहा दिवसांचा हिशेब तुम्हीच करा.

ब्रॅकीथेरपी हा काही उपचारांचा शेवटचा, ऐच्छिक भाग नव्हे. बाहेरून डोस देताना मूत्राशय आणि आतडी सांभाळावी लागतात, त्यामुळे गाठ मरेल इतका डोस बाहेरून पोचवताच येत नाही. उरलेला डोस गर्भाशयात नळी ठेवून थेट गाठीला देतात. रक्तस्राव थांबला म्हणून इथे उपचार सोडलेल्या बायका पुढे परत येतात, तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून ब्रॅकीथेरपीची तारीख आजच मागून घ्या. मशिन बंद पडलं तर बुडालेला दिवस कसा भरून काढणार, हेही विचारा. असं विचारल्याने कुठल्याही शहाण्या डॉक्टरला राग येत नाही.

प्रश्न: हिमोग्लोबिन ८ आहे. लोहाच्या गोळ्या पुरतील?

गोळ्यांना आठवडे लागतात, तेवढा वेळ आपल्याकडे नाही. प्राणवायू कमी मिळणाऱ्या गाठीवर रेडिएशनचा परिणाम कमी होतो, म्हणून आम्ही रक्त चढवून हिमोग्लोबिन १० च्या वर ठेवायला बघतो. ते वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं मात्र या काळात नकोत, त्यांनी रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. आणि धूम्रपान असेल तर आजच बंद. रेडिएशन चालू असताना ओढत राहणाऱ्यांचे निकाल वाईट दिसले आहेत.

प्रश्न: पहिल्याच टप्प्यात सापडलं. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करावी का? टाके कमी पडतात म्हणे.

टाके कमी पडतात, खरं आहे. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत साडेचार वर्षांनी पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९६.५ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या, दुर्बिणीच्या किंवा रोबोटच्या गटात ८६. आम्हा सगळ्यांनाच तो धक्का होता. मी पोट उघडूनच करायला सांगेन.

प्रश्न: पत्नीला एचआयव्हीही आहे. उपचार झेपतील?

एचआयव्हीची औषधं नियमित चालू असतील आणि प्रतिकारशक्ती बरी असेल तर हेच उपचार, पूर्ण डोसमध्ये. त्या गोळ्या एकही दिवस चुकवू नका.

प्रश्न: उपचार संपून आठ महिने झाले. तपासणीला अजून दोन महिने आहेत, पण एक पाय सुजलाय. थांबू का?

थांबू नका, याच आठवड्यात जा. रोग उलटला तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. एकाच पायाला सूज, कंबरेतून मांडीत उतरणारी कळ, पुन्हा रक्तस्राव, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट बघायची नाही. सूज रेडिएशननंतर साठलेल्या लसिकेमुळेही येते, शिरेतल्या गुठळीमुळेही येते. गुठळी असेल तर आठवडाभरही थांबून चालत नाही. म्हणून पाय दुखत असेल, गरम लागत असेल किंवा धाप लागली, तर आजच निघा.