निरंक लिहू नकोस

पोरा,

काल ओट्यावर बसून तू ग्रामपंचायतीच्या उमेदवारीचं शपथपत्र पुढे धरलास आणि हळूच विचारलंस, "आप्पा, रास्ता रोकोचा गुन्हा दाखवायचा की निरंक, म्हणजे काहीच नाही, असं टाकायचं?" सायबर कॅफेवाला म्हणे बोलला, कोण बघतंय. मी चिडलो, तू चहा न घेताच उठलास. म्हणून हे पत्र.

लिही. गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणं, कलमं, केस कुठवर आलीय, सगळं लिही. कांद्याच्या भावासाठी हायवेवर बसलास, कुणाचा खिसा नाही कापलास. नुसता गुन्हा दाखल आहे म्हणून ग्रामपंचायतीची उमेदवारी जात नाही. लपवलास तर मात्र निवडून आल्यावरही खुर्ची जाऊ शकते. तमिळनाडूतल्या एका पंचायत अध्यक्षाने अफरातफरीचा एक गुन्हा दाखवला आणि त्यातूनच निघालेली बाकीची आरोपपत्रं गाळली. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची निवडणूक रद्दच ठेवली. अर्धं सांगितलं होतं ना त्यानेही!

बाकीचं तुझं ठीक आहे. एकवीस कधीच पूर्ण झालीत, यादीत नाव आहे, घरपट्टीची पावती मी पाहिली. 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या तिसऱ्या अपत्याची अट तुला कशाला, आधी लग्न तर कर. फक्त निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब दे. पडलास तरी दे.

आता माझं ऐक. मीही एकदा निरंक लिहिलं होतं. तुझ्या काकूच्या नावावर तालुक्याला एक एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट होता, तो पत्नीच्या मालमत्तेच्या रकान्यात दाखवायला हवा होता. मला तो सरकारपासून लपवायचा नव्हता रे, थोरल्या भावापासून लपवायचा होता. एकत्र कुटुंब, आणि मी डेअरीला घातलेल्या दुधाच्या पगारातून गुपचूप घेतलेला. मतदानाच्या चार दिवस आधी त्या प्लॉटच्या सातबाऱ्याची झेरॉक्स मारुतीच्या देवळाच्या खांबाला डकवलेली. शेजारी माझं शपथपत्र, निरंकवर लाल शाईचा गोल. थोरला तिथं उभा राहून दोन्ही कागद वाचत होता. त्याला वाचायला वेळ लागतो, बोट फिरवत वाचतो. मी पारावरून बघत राहिलो.

पडलो एकोणीस मतांनी. ते गेलं. थोरला त्यानंतर माझ्या घरी जेवला नाही.

पैसे माझे होते, हे मी आजही सांगेन. पहाटे चारला उठून धारा मी काढल्या. प्लॉट घेतला यात माझं काही चुकलं नाही. लिहिला नाही, तिथं चुकलं. आणि खरं सांगू, लिहिला असता तर भांडण घरात झालं असतं, देवळापुढे नाही.

तेव्हा लिही. "माझ्यावर गुन्हा आहे, कांद्यासाठी आहे" हे प्रचारात तूच आधी बोल. विरोधकाला झेरॉक्सचा खर्च कशाला?

उद्या सकाळी दहाला ये, आरोपपत्राची नक्कल घेऊन. आणि चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही.

तुझा,
आप्पा