प्रवाळांच्या टाकीसाठी मेटल हॅलाइड बल्ब : १०,००० केल्विन की २०,००० केल्विन?

तीन फूट लांब व दोन फूट खोल टाकीवर २५० वॅटचा एकच मेटल हॅलाइड दिवा लावायचा असल्यास १०,००० केल्विनचा बल्ब घ्यावा की २०,००० केल्विनचा, असे आपण विचारले आहे. टाकीत सध्या झोआंथिड आणि लेदर कोरल हे कमी प्रकाशावरही भागणारे प्रवाळ असून पुढे अ‍ॅक्रोपोरा हा भरपूर प्रकाश लागणारा, फांद्यांचा कठीण प्रवाळ ठेवायचा आहे, असेही आपण लिहिता. हा बेत पक्का असेल, तर मी या दोन्हींच्या मधला, १४,००० केल्विनचा बल्ब सुचवेन. मात्र पैसे भरण्यापूर्वी आपल्याकडचा चोक, म्हणजे बल्बला जाणारी वीज नियंत्रित करणारे उपकरण, कोणता आहे, ते अवश्य पाहावे.

खोक्यावरचा केल्विनचा आकडा प्रकाशाची छटा सांगतो. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना अन्न तयार करण्यासाठी उपयोगी पडणारा प्रकाश, ज्याला आपण 'पार' म्हणतो, तो किती मिळेल हे त्यावरून कळत नाही. सर्वसाधारणपणे सारख्याच वॅटच्या बल्बांमध्ये १०,००० केल्विनला पार अधिक मिळतो, पण टाकी पांढरीफटक दिसते. २०,००० केल्विनखाली प्रवाळांचे हिरवे-जांभळे रंग खुलतात, पण पार बराच घटतो. आपल्या लेदर कोरलला तेवढा प्रकाश पुरेल, अ‍ॅक्रोपोराला दोन फूट खोलीच्या तळाशी तो कमी पडेल.

चोकाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण दुकानात याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक संजय जोशी यांनी अनेक बल्ब निरनिराळ्या चोकांवर लावून मोजमापे प्रसिद्ध केली आहेत, आणि चोक बदलला की त्याच बल्बचा रंग व तीव्रता दोन्ही बदलतात, हे त्यांतून स्पष्ट दिसते. रेडियम या कंपनीचा २५० वॅट, २०,००० केल्विनचा बल्ब एचक्यूआय प्रकारच्या (तारेच्या वेटोळ्यांच्या) जड चोकावर जास्त वीज खेचतो आणि प्रखर, पांढुरका निळा दिसतो. तोच अनेक इलेक्ट्रॉनिक चोकांवर गडद निळा आणि मंद होतो. म्हणून बल्ब आणि चोक ही जोडी समजूनच निवड करावी.

शोरूमच्या दिव्यांसाठी मिळणारे सुमारे ४,००० केल्विनचे बल्ब स्वस्त असले तरी घेऊ नयेत. त्यांच्या पिवळट उजेडात निळा भाग फारच थोडा असतो. डबल-एंडेड, म्हणजे दोन्ही टोकांना जोडणी असलेल्या, बल्बला अतिनील किरण अडवणारे बाहेरचे काचेचे आवरण नसते, त्यामुळे ते किरण अडवणारी फिक्स्चरची (दिव्याच्या पेटीची) काच तडकलेली असल्यास दिवा लावूच नये. बल्ब बसवताना उघड्या बोटांनी धरू नये, कारण बोटांचे तेल लागलेल्या जागी काच अधिक तापते.

एक चूक माझ्याकडून झाली, ती आपल्याकडून होऊ नये. चौदा महिने चाललेला बल्ब काढून मी त्याच उंचीवर नवा लावला आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण आठ तास चालवला. चौथ्या दिवशी अ‍ॅक्रोपोराच्या फांद्यांची वरची बाजू खडूसारखी पांढरी पडली होती, तर सावलीतली खालची बाजू पूर्वीसारखीच तपकिरी होती. बल्ब जुना होताना पार इतका हळूहळू उतरतो की डोळ्यांना पत्ताच लागत नाही. तेव्हापासून मी दर दहा-बारा महिन्यांनी बल्ब बदलतो, नवा बल्ब अर्धा फूट वर टांगतो, चार तासांपासून सुरुवात करतो आणि दर आठवड्याला एकेक तास वाढवत नेतो.

आठ तासांना केवळ दिव्याची वीज रोज दोन युनिट होते. चोकात वाया जाणारी वीज आणि चिलर (टाकीचे पाणी थंड करणारे यंत्र) वेगळे. एप्रिल-मे महिन्यांत हा दिवा चिलरशिवाय चालवण्याचा विचारही करू नये. वीज जाऊन लगेच परत आली, तरी तापलेला बल्ब दहा-पंधरा मिनिटे पेटत नाही. तो बिघडला असे समजून बटण वारंवार दाबू नये.