ख्रिस्ती विद्यापीठात राज्यशास्त्र शिकायला जाऊ का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी राजापूर तालुक्यातली, यंदा बारावी आर्ट्स झाले, मराठी मिडीयम. २०२३ मध्ये बारसूला रिफायनरीच्या सर्व्हेवरून जे झालं ते आम्ही जवळून बघितलं, तेव्हा मी सगळ्यांना विचारत होते की ग्रामसभेने ठराव केला तर त्याला नक्की किंमत काय, पण नीट कोणी सांगू शकलं नाही. तेव्हापासून पॉलिटिकल सायन्सच करायचं डोक्यात आहे. मैत्रिणीची बहीण बेंगळुरूच्या ख्राईस्ट युनिव्हर्सिटीत आहे, मलापण तिकडे जायचंय. आजोबा म्हणतात ते पाद्र्यांचं आहे, प्रार्थना करायला लावतील, पोरगी बदलून येईल. बाबा म्हणतात आपल्याकडे ओबीसी सर्टिफिकेट आहे, ॲडमिशन होऊन जाईल. काय करू?

उत्तर : आधी आजोबांचं बघूया, कारण त्यांना पटलं नाही तर तू गेलीस तरी मन घरातच अडकून राहील. त्यांना पांडुरंग वामन काण्यांबद्दल सांग. आपल्या चिपळूणजवळचे, दापोलीच्या मिशन शाळेत शिकले, मग मुंबईला विल्सन कॉलेजात, म्हणजे शाळाही मिशनची आणि कॉलेजही मिशनचं. त्याच माणसाने पुढे धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला, १९६३ ला भारतरत्न मिळालं, आणि त्यातला तिसरा खंड तर राजधर्मावर आहे, म्हणजे तुझाच विषय! साने गुरुजीसुद्धा दापोलीच्या त्याच शाळेत होते. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते जॉन विल्सन स्कॉटलंडहून आल्यावर मराठी शिकायला आपल्या हर्णैला राहिले होते. म्हणजे हे नातं कोकणाला नवीन नाही गं, आजोबांच्या आजोबांच्या वेळचं आहे.

आणि कायद्याचं म्हणशील तर संविधानाचं कलम २८ स्वच्छ आहे, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही, मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांची संमती लागते. हे कलम आजोबांना मोठ्याने वाचून दाखव. कॅम्पसमध्ये चॅपल असेल, ख्रिसमस जोरात होईल, ते बघायला मिळालं तर चांगलंच आहे. वर्गात मात्र प्लेटो, गांधी, आंबेडकर, संसद, निवडणुका हेच असतं.

बाबांच्या मुद्द्यावर मात्र मला जास्त काळजी वाटते, कारण इथे खूप जण फसतात. कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, आणि २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने जे कलम १५(५) आलं त्यात खाजगी संस्थांनाही आरक्षण लावता येईल असं म्हटलंय पण अल्पसंख्याक संस्था त्यातून वगळल्यात. ख्राईस्ट ख्रिस्ती संस्था आहे, त्यामुळे ओबीसी सर्टिफिकेटच्या भरवशावर तिकडे सीट मिळेल असं धरून चालू नका. ख्राईस्ट हे २००८ पासून अभिमत विद्यापीठ आहे, म्हणजे डिग्री स्वतःची देतं, प्रवेश परीक्षा स्वतःची घेतं, हजेरी कडक, आणि फी अनुदानित कॉलेजपेक्षा कितीतरी जास्त. तीन वर्षांची फी, होस्टेल, मेस, येण्याजाण्याचं भाडं हे सगळं कागदावर मांडा आणि मग बोला. घरावर किंवा आंब्याच्या बागेवर कर्ज काढून बीए करू नये असं माझं ठाम मत आहे, तुला राग आला तरी चालेल.

मी तुझ्या जागी असते तर मुंबईचा फॉर्म आधी भरला असता. विल्सन १८३२ चं, सेंट झेवियर्स १८६९ चं, दोन्ही ख्रिस्ती संस्थाच, दोन्हीकडे राज्यशास्त्र आहे, डिग्री मुंबई विद्यापीठाची आणि अनुदानित बीएची फी आपल्यासारख्या घराला झेपणारी. कोकणकन्येला रात्री बसलीस की सकाळी मुंबईत. राहायची सोय मात्र आधी बघ, मुंबईत खरा खर्च तोच आहे. इंग्रजीची भीती वाटेल, वाटूदे, पहिले सहा महिने जड जातात मग लिहिता येतं, आत्तापासून रोज एक इंग्रजी अग्रलेख वाच आणि त्यात काय म्हटलंय ते मराठीत चार ओळी लिहून काढ.

आता ग्रामसभेचं. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, पण तिला अधिकार किती द्यायचे ते राज्याच्या कायद्यावर सोडलंय. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या आदिवासी भागांत, १९९६ चा पेसा कायदा आहे, तिथे जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावीच लागते, पण आपला रत्नागिरी जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, मात्र एमआयडीसीचा स्वतःचा वेगळा कायदा आहे १९६१ चा, त्यात ही अट नाही. म्हणजे ठराव एकच, पण गाव कुठल्या क्षेत्रात आणि जमीन कुठल्या कायद्याने घेतायत त्याप्रमाणे त्याचं वजन बदलतं. तुला तेव्हा कोणी हे सांगितलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हे प्रत्येक गावात माहीत असायला हवं.

प्रश्न : मुलगा हाच विषय घेतोय, वेंगुर्ल्याला आमचं छोटं दुकान आहे. पुढे नोकरीचं काय?

उत्तर : दादा, नुसत्या बीएवर लगेच नोकरी मिळेल असं मी सांगणार नाही. यूपीएससीला राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय ५०० मार्कांचा आहे, तिथे पाया उपयोगी पडतो, पण फक्त त्याच्यावर तीन वर्षं लावू देऊ नका. बीएनंतर एलएलबी हा रस्ता मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, आपल्याकडे जमीन, सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम), कुळकायद्याची कामं ढिगाने आहेत. तुमच्याच वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै खासदार असताना, १९६७ च्या गोलकनाथ निकालात सुप्रीम कोर्टाने संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत असं म्हटल्यावर, मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करायचा अधिकार संसदेला हवा म्हणून स्वतःचं खाजगी विधेयक घेऊन उभे राहिले होते. ते बरोबर होतं की चूक यावर आजही वर्गात वाद होतात. मुलाला त्यांची लोकसभेतली भाषणं वाचायला द्या, त्यात रस वाटला तर कायद्याकडे जाऊद्या, नाही वाटला तर पत्रकारिता किंवा बीएड आहेच.