एकाचे तीनशे पेपर, दुसऱ्या मॅडमचे चाळीस

प्रश्न : माझी मुलगी फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली. दीर्घिकांवर (गॅलेक्सींवर) पीएच.डी. करायची म्हणते. दोन गाईड समोर आहेत. एका सरांचे तीनशेच्या वर पेपर, हजारोंनी सायटेशन (इतरांनी आपल्या पेपरांत केलेले उल्लेख), एच-इंडेक्सही दांडगा. दुसऱ्या मॅडमचे पेपर जेमतेम चाळीस. घरातले सगळे म्हणतात, सरांकडेच जा. आकडेच एवढं बोलत असताना विचार कसला करायचा?
– एक पालक, सांगली

उत्तर : आकडे बोलतात खरे, पण कशाबद्दल बोलतात ते आधी बघू.

एच-इंडेक्स होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढला. ज्याच्या ४० पेपरांना प्रत्येकी निदान ४० सायटेशन आहेत, त्याचा एच-इंडेक्स ४०. आता कुणाचे पाचच पेपर असले आणि प्रत्येकाला हजार सायटेशन मिळाली, तरी त्याचा इंडेक्स पाचावरच अडतो. शिवाय हा आकडा वयाबरोबर चढतो, उतरत कधीच नाही. सर साठीतले आणि मॅडम चाळिशीतल्या असतील, तर तुलना इथेच लंगडी पडते.

दीर्घिकांच्या अभ्यासात आणखी एक भानगड आहे. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेसारखे आकाशाची पाहणी करणारे प्रकल्प शेकडो माणसं मिळून चालवतात. त्या सर्व्हेची तांत्रिक ओळख करून देणारा २००० सालचा पेपर घ्या, त्यावर शंभराहून जास्त नावं आहेत. पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांच्या मंडळींनी २०१७ मध्ये ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला, तोही याच सर्व्हेच्या माहितीतून. असं काम जगभर होतं आणि प्रत्येक वेळी मूळ प्रकल्पाचा उल्लेख करावा लागतो. त्यातलं प्रत्येक सायटेशन यादीतल्या प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण जमा होतं, वाटून नाही. सरांच्या तीनशेतले किती पेपर अशा जथ्यातले आहेत, ते पाहायला हवं.

बरं, सायटेशन म्हणजे दरवेळी कौतुक नव्हे. श्लेगेल, फिंकबाइनर आणि डेव्हिस या तिघांनी १९९८ मध्ये आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा नकाशा छापला. बाहेरच्या दीर्घिकेचा प्रकाश मोजायचा तर वाटेतल्या या धुळीने किती गिळला, ते हिशेबात धरावंच लागतं. म्हणून पेपरामागून पेपरात एक वाक्य असतं : ‘धुळीची दुरुस्ती श्लेगेल व इतर, १९९८ यांच्या नकाशावरून केली.’ झालं एक सायटेशन! अशी दहा हजारांच्या वर झाली आहेत. नकाशा अप्रतिमच आहे, पण ते वाक्य लिहिणाऱ्या किती जणांनी मूळ पेपर शेवटपर्यंत वाचला असेल, याची मला दाट शंका आहे.

याउलट बिअट्रिस टिन्स्ली. न्यूझीलंडमध्ये वाढलेली ही बाई १९६० च्या दशकात टेक्सासात पीएच.डी. झाली. दीर्घिकेतले तारे म्हातारे होतात, त्यामुळे दीर्घिकेचं तेज आणि रंग काळाबरोबर बदलतात, हे तिने गणिताने मांडलं. लांबच्या दीर्घिकांचं तेज कायम धरून विश्वाचं मोजमाप करणाऱ्या भल्याभल्यांची त्यामुळे पंचाईत झाली. १९७८ मध्ये येल विद्यापीठात ती प्रोफेसर झाली आणि १९८१ मध्ये, चाळिशीतच, कॅन्सरने गेली. तारे आणि वायूच्या उत्क्रांतीवरचा तिचा १९८० चा शंभरेक पानी लेख फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या नियतकालिकात आला. तरी आजचे लोक त्यातली समीकरणं घेऊन पुढे जातात. धुळीच्या वाक्यातलं सायटेशन आणि हे सायटेशन मोजणीत मात्र सारखंच, एक.

आता मुलीला कामाला लावा. खगोलशास्त्राचे पेपर शोधायला नासाच्या पैशावर चालणारी एडीएस नावाची शोधसेवा आहे, फुकट. तिथे नावाआधी टोपीसारखी ‘^’ ही खूण घातली की लेखकांच्या यादीत त्या माणसाचं नाव पहिलं असलेले, म्हणजे बहुधा मुख्य काम त्याचंच असलेले, पेपर तेवढे निघतात. सायटेशन लेखकसंख्येने भागूनही दाखवायची सोय आहे. आपल्याकडच्या आडनावांचा घोळ मात्र सांभाळा. नुसतं ‘पाटील, एस.’ टाकलं तर साऱ्या गावचे पाटील एका ओळीत उभे राहतात. संस्थेचं नाव ताडून पाहा.

मग दोघांचे गेल्या दहा वर्षांतले विद्यार्थी शोधायला सांगा. विद्यार्थ्याचं नाव पहिलं आणि गाईडचं मागे, असे पेपर किती? गाईड निवडताना मी सगळ्यात जास्त वजन याला देईन. सरांच्या तीनशेत असे चारच निघाले आणि मॅडमच्या चाळिसात पंधरा, तर घरच्यांना ती यादी दाखवा. आणि उलट निघालं, तर मुलीने खुशाल सरांकडे जावं. फक्त आधी त्यांच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याशी फोनवर बोलून घ्यावं.