मंगळसूत्र, मोत्याची नथ आणि चांदीचे पैंजण घरी कसे स्वच्छ करावेत? पिंपळगाव बसवंतला आल्यापासून पैंजण दोन महिन्यांत काळे पडतात, चांदी खोटी तर नसेल?

ताई, काळी पडते म्हणून चांदी खोटी ठरत नाही. चांदीला काळं करतं ते गंधक, आणि तुमच्या भागात त्याला तोटा नाही. द्राक्षावर भुरी (पांढरी बुरशी) येऊ नये म्हणून बागेत गंधक मारतात, शिवाय कांदाचाळीत साठवलेल्या कांद्यातही गंधकाची संयुगं असतातच. बाग घराला लागून असेल तर पैंजण लवकर काळवंडणारच.

घासू नका. पितांबरी, टूथपेस्ट, राख यांनी काळपट थराबरोबर थोडी चांदीही जाते, नक्षी बोथट होते. स्टीलच्या पातेल्याला आतून अॅल्युमिनियम फॉइल लावा. त्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे) आणि एक चमचा मीठ टाकून लिटरभर उकळतं पाणी ओता. पैंजण फॉइलला टेकले पाहिजेत, नुसते पाण्यात तरंगत राहिले तर काही होत नाही. पाच-दहा मिनिटांत सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि फॉइल काळी पडते, म्हणजे काम चाललंय. गंधक चांदी सोडून अॅल्युमिनियमकडे जातं, चांदी जागच्या जागी राहते. थर जाड असेल तर नवी फॉइल, नवं पाणी घेऊन पुन्हा करा. मग साध्या पाण्यातून काढून पुसा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा, कारण घुंगरात पाणी अडकतं. मीनाकारी, खडे किंवा मुद्दाम काळी केलेली ऑक्सिडाइज्ड चांदी असेल तर हा उपाय अजिबात नको. ऑक्सिडाइज्डची काळी नक्षीच निघून जाईल.

मंगळसूत्र धुण्याआधी ते कशात ओवलंय ते बघा. सोन्याच्या तारेत असेल तर वाटीभर कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब टाकून दहा मिनिटं ठेवा आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने मण्यांच्या फटी हलक्या हाताने साफ करा. तेल, हळद आणि साबणाचा जो चिकट थर बसतो, तो एवढ्यानेच सुटतो. दोऱ्यात गाठवलेलं असेल तर भिजवू नका. दोरा आतून ओला राहतो, कुजतो आणि एक दिवस तुटतो. ते ओलसर फडक्याने पुसा. दोरा काळपट, सैल दिसला तर नव्याने गाठवून घ्या. पोकळ वाट्यांमध्ये आणि बोरमाळेच्या मण्यांत बऱ्याचदा लाख भरलेली असते. गरम पाण्यात लाख मऊ होते आणि मग वाटीला पोचे येतात. म्हणून सोन्याला उकळतं पाणी कधीच नको. बेसिनमध्ये धुवायचं तर जाळीवर आधी झाकण ठेवा.

सगळ्यात जपायची ती नथ. मोती म्हणजे चुन्याचाच प्रकार. लिंबू, व्हिनेगर, चिंच लागली की वरचा थर विरघळतो, आणि गेलेली झळाळी परत आणता येत नाही. रिठ्याच्या पाण्याचा सल्ला खूप जण देतात, मला तोही मोत्यांसाठी पटत नाही. साध्या पाण्यात मलमलचा तुकडा बुडवून घट्ट पिळा, एकेक मोती पुसा, लगेच कोरड्या कापडाने टिपा. नथीतल्या खड्यांमागे अनेकदा चमकीचा पातळ पत्रा असतो. आत पाणी शिरलं की तो काळा पडतो आणि खडा मेलेला दिसतो. अत्तर, हेअर स्प्रे आधी मारा, नथ सगळ्यात शेवटी घाला.

आणखी एक. कपड्याच्या ब्लीचने सोन्यातला मिश्र धातू खराब होतो, तेव्हा धुणीभांडी करताना अंगठी काढा. सोनं अचानक पांढरं पडलं तर फुटलेल्या थर्मामीटरचा पारा किंवा पारा असलेली गोरेपणाची क्रीम आठवून बघा. असा दागिना घरी तापवू नका, सराफाला दाखवा.

ठेवताना प्रत्येक दागिना वेगळ्या झिपच्या पिशवीत, चांदीबरोबर खडूचा एक तुकडा. रबरबँड लावू नका, रबरातही गंधक असतं.

दारावर ‘पॉलिश करून देतो’ म्हणून येणाऱ्याला दागिना हातातसुद्धा देऊ नका. त्यांच्या द्रावात अम्लराज असतं, सोनं त्यात विरघळतं आणि तुमच्या हाती हलकं मंगळसूत्र येतं. पॉलिश करायचंच असेल तर नाशिकच्या सराफ बाजारात ओळखीच्या दुकानी जा, आधी आणि नंतर समोर वजन करायला सांगा. सोन्याच्या पॉलिशमध्ये थोडी घट येते, ती किती आली ते पावतीवर लिहून घ्या.